न उतरलेली टोपली

खूप पूर्वी, म्हणजे नेमकं केव्हा ते मला विचारू नका, एका राज्यात मुलींचं एक गुरुकुल होतं. मुली तिथे चार-पाच वर्षं राहायच्या, शिकायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. पण शिकण्याहून जास्त गाजावाजा होता तो तिथल्या खेळाचा. माळाच्या दोन टोकांना दोन उंच खांब, प्रत्येक खांबाला एक वेताची टोपली आणि चिंध्यांचा चेंडू. समोरच्यांच्या टोपलीत जास्त वेळा चेंडू टाकेल तो संघ जिंकला.

या खेळाची एक रीत होती. हरलेल्या मुलींनी आपली टोपली स्वतःच्या हातांनी खांबावरून उतरवायची आणि जिंकणाऱ्यांच्या दारी न्यायची. जिंकणाऱ्यांनी ती खाऊने भरून परत द्यायची. म्हणजे हरणारेही घरी जाताना रिकाम्या हाताने जात नसत. रीत घालणारा माणूस शहाणा असावा, असं मला वाटतं.

गुरुकुलाची टोपली मात्र कित्येक वर्षांत उतरलीच नव्हती. येईल तो संघ हरायचा. टोपलीचा वेत झिजला की मुली शिडी लावून जागच्या जागी नवा विणायच्या. असं होता होता जुन्या टोपलीतली एक काडीही उरली नाही. पहिला विजय मिळवणाऱ्या मुलींपैकीही कुणी माळावर उरली नव्हती. तरी लोक अभिमानाने म्हणायचे, "तीच टोपली, तोच संघ." आता ती तीच कशी, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्या वर्षी सगुणा नावाची मुलगी संघाची नायिका झाली आणि तिच्या तोंडची चवच गेली. भाकरीचा घास घेतला की तिच्या मनात यायचं, इतक्या जणींनी जपलेलं माझ्याच हातून मोडलं तर? मग लोक मला कशाने ओळखतील?

ती गुरुकुलाच्या प्रमुख, गुरुआई, यांच्याकडे गेली. "गुरुआई, एक सांगाल का? आपण इतकी वर्षं हरलो नाही, ही गोष्ट मोठी आहे की नाही?"

गुरुआई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला नाही ठाऊक, पोरी. ज्या जिंकल्या त्यांना विचार."

सगुणा शेजारच्या गावात गेली. पूर्वी संघात खेळलेली एक बाई तिथे ओट्यावर मूल थोपटत बसली होती. ती म्हणाली, "सामने जिंकलो असू गं. मला आठवतं ते एवढंच, की एकदा माझी वेणी खांबात अडकली आणि आम्ही सगळ्या हसून हसून लोळलो."

सगुणाला जरा हलकं वाटलं. पण पुढच्याच घरी दुसरी जुनी खेळाडू दळत होती. ती म्हणाली, "मोठी गोष्ट म्हणजे काय! जात्यावर बसले आणि कंबर भरून आली, की मी मनात म्हणते, मी त्या न हरलेल्या संघातली आहे. मग दळण सरतं." सगुणा पाया पडून निघाली. वाटेत तिचं डोकं पार चक्रावून गेलं, कारण दोघीही खरं तेच सांगत होत्या.

सामन्याचा दिवस आला. समोर कुंभारवाडीच्या मुली होत्या. त्या दर वर्षी यायच्या, हरायच्या, खाऊ घेऊन जायच्या. त्यांना गमावण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्या मोकळ्या खेळल्या. गुरुकुलाच्या मुली चेंडू हातात आला की आधी वर आपल्या टोपलीकडे बघायच्या. अगदी शेवटी चेंडू सगुणाच्या हाती होता. तिनेही आधी वर आपल्या टोपलीकडे बघितलं आणि मग तो फेकला. चेंडू काठावर आपटून बाहेर पडला, आणि एका चेंडूने गुरुकुल हरलं.

गुरुकुलाच्या मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या. कुंभारवाडीच्या मुलीही तशाच उभ्या. हरल्यावर काय करायचं हे यांना ठाऊक नव्हतं, जिंकल्यावर काय करायचं हे त्यांना.

शेवटी सगुणा खांबाला शिडी लावून वर चढली. टोपलीच्या गाठी उन्हापावसाने दगडासारख्या झाल्या होत्या. ती नखं मोडेपर्यंत ओढत राहिली आणि तिला रडू फुटलं. "मला ही सोडता येत नाही," ती म्हणाली.

कुंभारवाडीची नायिका भागी शिडी चढून तिच्याजवळ आली. "रडू नगं. आमाला दर साली सोडाया लागती," ती म्हणाली. "ह्यो दोरीचा पदर आधी ढिला करायचा. घाई करायची न्हाई. मग गाठ आपसूक हातात येती."

दोघींनी मिळून टोपली उतरवली. ती कुंभारवाडीला पोहोचली तेव्हा तिथे धावपळ उडाली, कारण टोपली भरायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कुणी मूठभर बोरं आणली, कुणी चणे, कुणी गुळाचा खडा, तर एका पोरीने आपला मातीचा बैलच आत ठेवला.

भरलेली टोपली घेऊन मुली परतल्या तेव्हा गुरुकुलाच्या दारात गुरुआई वाट बघत होत्या. त्यांनी टोपलीतलं एक बोर उचलून तोंडात टाकलं. "ही मी आणली होती तेव्हा आम्ही सगळा खाऊ वाटेतच संपवला होता," त्या म्हणाल्या.

सगुणा बघतच राहिली. "तुम्ही हरला होता?"

"शेवटचा पराभव आमचाच. त्यानंतर पुढच्या सामन्यात आम्ही न घाबरता खेळलो, आणि तिथून हे सगळं सुरू झालं."

"मग आम्हांला कधी सांगितलं का नाही?"

"सगळ्या जणी जिंकल्याच्याच गोष्टी विचारायच्या. मलाही तेच सांगायला बरं वाटायचं. चूक माझी," गुरुआई म्हणाल्या.

"मग ती गोष्ट मोठी होती की नव्हती?"

"तेवढं अजूनही कळलेलं नाही मला." मुलींनी एव्हाना खाऊ वाटून घेतला होता. गुरुआईंनी रिकामी झालेली टोपली तिच्या हातात दिली. "जा, बांधून ये. पण या खेपेला गाठ अशी मार, की तुझ्यानंतरच्या मुलींना सोडता येईल."

सगुणाने तशी गाठ मारली. मग लहान मुलींना एकेक करून शिडीवर चढवलं आणि ती सोडायला शिकवली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तात्पर्य : विजयाची परंपरा अभिमानाने जपावी, पण हरायचं कसं हेही मागून येणाऱ्यांना शिकवून ठेवावं.