एकविसाव्या मीटरवर

बैलगाडी आडवी आली म्हणून बसड्रायव्हर खरातांनी करकचून ब्रेक मारला. गाडीवान वाचला, पण एका प्रवाशाचा दात पडला आणि चौकशी लागली. रस्त्याची वेगमर्यादा ताशी साठ होती.

चौकशी करणाऱ्या दीक्षितसाहेबांनी तीच बस डेपोमागे ताशी चाळीसने पळवून ब्रेक मारायला लावला. टायरचा ओरखडा दहा मीटर उमटला.

"तुमचा ओरखडा वीस मीटरचा. दुप्पट ओरखडा म्हणजे दुप्पट वेग. ऐंशी. आजपासून घरी बसा, खरात."

खरातांची बावीस वर्षांची नोकरी होती. "साहेब, वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट जागा लागते. ऐंशीला चाळीस मीटर लागतील. वीस मीटर म्हणजे सत्तावन्नच, साठच्या आत."

"मला शिकवू नका."

"नाही शिकवत. मी ऐंशीने येतो आणि इथे ब्रेक मारतो. तुम्ही पुढे एकविसाव्या मीटरवर उभे राहा. तुमच्या हिशेबाने बस एक मीटर अलीकडे थांबेल."

साहेब ऐटीत तिथे जाऊन उभे राहिले. खरातांनी इंजिन सुरू केलं, तसे ते मागे सरू लागले. तीस मीटर झाले, चाळीस झाले, पन्नासाव्याला थांबले.

खरातांनी इंजिन बंद करून खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, आता जिथे उभे आहात, तोच हिशेब अहवालात लिहा."

साहेबांनी तो लिहिला.