बांधावरचे मोकळे

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की खाडीकाठच्या त्या गावाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. गावाची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती, आणि मध्ये उभा होता मातीचा एक लांबलचक बांध. बांध टिकला तर भात. फुटला तर खारं पाणी आणि पुढची कित्येक वर्षं उपास.

दर पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण यायचं. त्या दिवशी कुणी कुठे उभं राहायचं ते मुकादम ठरवून द्यायचा. पण गावाची एक रीत होती. काही धडधाकट गडी कुठेच नेमायचे नाहीत. ते बांधाच्या मधोमध उंडीच्या झाडाखाली बसायचे, शेजारी चिखलाच्या पाट्या भरून ठेवलेल्या. हाक येईल तिकडे धावायचं, एवढंच त्यांचं काम. बहुतेक वेळा हाक येतच नसे. मग काय, गावाची पेज प्यायची, गप्पा छाटायच्या आणि ओहोटी लागली की घरी जायचं. गाव त्यांना 'मोकळे' म्हणे.

जुना मुकादम वारला आणि नवा आला. माणूस वाईट नव्हता हो, पण हुशारीचा ताठा भारी. मोकळ्यांना बघितलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फुकटची पेज ढोसतात लेकाचे, म्हणायचा. बांध आजवर कुठे कुठे खचला होता, ते त्याला तोंडपाठ होतं. त्याने मोकळ्यांना उठवलं आणि त्या जागांवर नेऊन उभं केलं. वर सक्त ताकीद दिली, की काही झालं तरी आपली जागा सोडायची नाही.

गावातल्या एका म्हातारीने त्याला हटकलं. "मुकादमा, समुद्र काय तुला विचारून येतो?"

तो नुसता हसला.

मुकादमाला एक धाकटा भाऊ होता. आईबाप गेल्यावर यानेच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्याच्यावर याचा भारी जीव. त्याला त्याने बांधाच्या दक्षिण टोकाला एकट्याला नेमलं. तिथे बांध फुटल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. भाऊ सुखरूप राहावा, एवढाच हेतू.

पुढची काही उधाणं सुरळीत गेली. मुकादम मिशीला पीळ देत फिरू लागला. मग एका अवसेला भर दुपारी पाणी चढलं, वारा फिरला, आणि समुद्राने नेमकी दक्षिण टोकालाच धडक दिली. बांधाला खांड पडली, आधी वीतभरच. भावाने तीत होती तेवढी माती ओतली. ती वाहून गेली तेव्हा स्वतःची पाठ लावून बसला आणि हाका मारू लागला.

जवळच्या गड्यांनी हाका ऐकल्या. ते एकमेकांकडे बघत राहिले. जागा सोडायची नाही, असा हुकूम होता ना! शेवटी एकजण परवानगी विचारायला मुकादमाकडे पळाला.

ऐकलं मात्र, मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. सवयीने त्याने उंडीच्या झाडाकडे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. मग तो एकटाच धावत सुटला. पोचला तेव्हा खांड घराएवढी झाली होती आणि भाऊ दिसत नव्हता.

ओहोटी लागल्यावर भावाचा देह भाताच्या खाचरात सापडला. रिकामी पाटी हातात तशीच होती. शेतं मिठाने जळून गेली. त्या वर्षी लोकांनी कंदमुळं उकडून खाल्ली, आणि निम्मी घरं गाव सोडून निघून गेली.

गावाने मुकादमाला शिक्षा केली नाही. आणखी कसली करणार? पुढच्या उधाणाला तो आपणहून उंडीखाली येऊन बसला, आणि म्हातारा होईपर्यंत बसत राहिला. एकदा एका वाटसरूने त्याला विचारलं, की सगळे राबताहेत आणि तुम्ही बसलात कसे?

मुकादम म्हणाला, "हाक आली तर जायला कुणीतरी हवं, बाबा. एकदा नव्हतं."

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: संकट कुठून येईल ते ठाऊक नसतं, तेव्हा सगळे हात आधीच गुंतवून टाकू नयेत, मोकळा ठेवलेला हात वाया गेलेला नसतो.