गोदावरीची खरडपट्टी

पागनीस गुरुजी मोठे विद्वान. पण भूगोल असा एका सुरात शिकवायचे, की अख्खा वर्ग पेंगायचा. एकदा ते भडकलेच. "इथं झोपायला येता? गाद्या घालून देऊ? अनशे, तासभर मी काय शिकवलं ते सांग, नाहीतर अंगठे धर!"

अनशी उठली. "धडा नाही आठवत, गुरुजी. पण तुमचं आत्ताचं रागावणं जसंच्या तसं सांगते." आणि तिनं हातवाऱ्यांसकट ते म्हणून दाखवलं! वर म्हणाली, "तुम्ही धड्यालाच रागवा ना."

गुरुजींना हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी ते गरजले, "काय गं गोदावरी? त्र्यंबकला जन्मलीस आणि शेजारचा अरबी समुद्र सोडून पार बंगालच्या उपसागराला जातेस?"

वर्ग टक्क जागा! नकाशावर बोट ठेवून अनशीनं चुगली केली, "गुरुजी, कृष्णासुद्धा तश्शीच वागते!"