केरबा हसला आणि बोरकडे हरलं

ऐका. ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा हुतूतूच्या मैदानावर चटया नव्हत्या, गड्यांच्या पायात बूट नव्हते आणि मधली रेघ कुणीतरी टाचेनं ओढायचं. ओढ्याच्या अलीकडे बोरकडे आणि पलीकडे येळवडी. दोन गावं, एक बिरोबा, एक जत्रा आणि देवाचा एकच नगारा. जत्रेत हुतूतूचा सामना व्हायचा आणि जे गाव जिंकेल ते नगारा वर्षभर आपल्याकडे ठेवायचं.

त्या बोरकड्यात केरबा जांभळे नावाचा गडी होऊन गेला. त्याला पाहिलेला माणूस आज एकही हयात नाही. पण कुणालाही विचारा, त्याचा पणजा त्या सामन्याला हजर होताच. सगळ्यांचे पणजे खरे धरले तर मैदान तालुक्याच्या गावापर्यंत भरलं असेल. असू दे. प्रेमात माणूस थोडं वाढवून सांगतोच, मीही सांगणार आहे.

असं म्हणतात, केरबा जन्मला तेव्हा रडलाच नाही. सुईण खोकली, तर पोरगं तस्संच खोकलं. सुईण घाबरून उठली आणि तिची आई बाळंतपणाच्या कळा विसरून हसायला लागली, म्हणजे केरबाची आई, सुईणीची नव्हे. पुढे तो म्हशी वळायला लागला. उन्हाळ्यात म्हशीबरोबर डोहात बुडी मारायचा आणि म्हैस आधी वर यायची. असा त्याचा दम. आणि नकला अशा, की त्यानं कोंबड्याची बांग दिली की गाव उठून तोंड धुवायचं आणि खरा कोंबडा आरवला की लोक म्हणायचे, केरबाचा आवाज आज बसलाय वाटतं.

जत्रेत सोंगं निघायची त्यात तो सोंगाड्या आणि मैदानात तोच चढाईचा गडी. खरं तर त्यानं ही दोन कामं कधी वेगळी केलीच नाहीत. चढाईला गेला की एकाच दमात ‘हुतूतूतू’ म्हणत राहायचा, पण ते कधी पाटलाच्या शिंकेसारखं, कधी अडून बसलेल्या रेड्यासारखं, कधी जावयाला वाढताना लाजणाऱ्या सासूसारखं. समोरचे गडी हसून लोळायचे, केरबा त्यांना शिवून परत यायचा आणि पंचाला निकाल द्यायला तोंड उघडता यायचं नाही. साल गेलं, दुसरं आलं, नगारा काही बोरकड्यातून हलला नाही.

पण या जिंकण्यातच केरबाचं दुखणं होतं.

त्याची थोरली बहीण हौसा येळवडीत दिली होती, महिपती लवटेला. महिपती म्हणजे येळवडीचा पकडीचा गडी. दाराच्या चौकटीतून आडवं होऊन आत जावं लागायचं एवढा रुंद, आणि तोंडावर हसू म्हणून नाही. लग्नात हसला नाही, मुलगा झाला तेव्हा हसला नाही. एका जत्रेत जिंकल्यावर बोरकड्याची टवाळ पोरं नगारा घेऊन गेली आणि थेट महिपतीच्या दारात बडवत बसली. महिपती बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “हा नगारा येळवडीत येईल, तवाच हौसा म्हायेराला जाईल. त्याबिगर न्हाय.”

बोलून गेला, आणि शब्दाचा असा पक्का की मग त्यालाही तो गिळता येईना. हौसाचं माहेर तुटलं. मधे एक ओढा, गुडघाभर पाणी, पण ओलांडायची सोय नाही. तिच्या मुलाला दात आले, तो चालायला लागला, पण आजीनं त्याला मांडीवर घेतलं नव्हतं. केरबाची आई संध्याकाळी ओढ्याकडे तोंड करून बसायची. ती केरबाला एवढंच म्हणायची, “तू जिकतोस रं बाळा, आन माझी लेक हरती.”

तुम्ही म्हणाल, मग एकदा हरायचं की मुद्दाम! तिथंच तर अडलं होतं. सामन्याआधी प्रत्येक गड्याला देवळात बेलभंडारा उचलून शपथ घ्यावी लागायची, की मी जाणून हरणार नाही. देवाचा भंडारा मोडून बहीण घरी आणली तर ती आणली कशी म्हणायची? केरबा जगाला हसवायचा, पण त्या साली भंडारा उचलताना त्याची नजर ओढ्यापलीकडे गेली. म्हाकू पुजाऱ्यानं ते पाहिलं आणि त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

सामना सुरू झाला. असा सामना पुन्हा झाला नाही, असं म्हणतात. येळवडीकरांनी यंदा कानात कापूस घातला होता. त्यामुळे केरबाच्या नकला वाया जायला लागल्या आणि बोरकड्याचे गडी एकेक करून बाद होत गेले. केरबानं नुसत्या पायांच्या चपळाईनं येळवडीचे गडी टिपले. शेवटी बोरकड्याचा एकटा केरबा उरला आणि येळवडीचा एकटा महिपती. उन्हं उतरायला लागली होती. मैदानाच्या कडेला बायकांच्या घोळक्यात हौसा मुलाला कडेवर घेऊन उभी होती. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ, बिचारी कुणाच्या बाजूनं ओरडणार?

केरबा चढाईला गेला. शिवायला वाकला आणि महिपतीनं त्याला कवळा घालून मातीत दाबला. आता रेघेपर्यंत सरकायचं किंवा दम संपेपर्यंत पडून राहायचं. झटापटीत महिपतीच्या कानातला कापूस पडला. केरबानं ते बघितलं आणि दम न तोडता नकला सुरू केल्या.

‘हुतूतूतू’ म्हणत त्यानं पाटील शिंकवला. रेडा अडवला. सासू लाजवली. त्याच एका दमात त्यानं अख्खी जत्रा उभी केली, जिलेबीवाल्याची कढई चुरचुरली, पाळणा करकरला, हरवलेलं पोर रडलं आणि त्याची आई त्याला शोधत आली. पलीकडे खरोखरच एक बाई आपलं पोर शोधायला उठली. असं म्हणतात, तो दम एवढा चालला की रेघेवर पडलेली लिंबाची सावली सरकून देवळाच्या पायरीला लागली. माणसं पोट धरून बसली. येळवडीचे बाद गडी कानातला कापूस काढून ऐकायला लागले. महिपती दात आवळून, डोळे मिटून पकड धरून होता. आणि शेवटी केरबानं महिपतीच काढला. दारात उभा राहून “नगारा येळवडीत येईल तवाच” म्हणणारा महिपती, नुसत्या हुतूतूत, एकही शब्द न उच्चारता.

महिपती हसला.

आणि काय सांगू! एवढा डोंगराएवढा माणूस, पण त्याचं हसू निघालं कोंबडीच्या पिलासारखं. चिक्, चिक्, चिक्. म्हणून तर बाबा जन्मभर हसला नव्हता! चारचौघांत ते हसू निघू नये म्हणून बिचाऱ्यानं तोंड शिवून घेतलं होतं.

पकड सुटली. केरबा मोकळा झाला. रेघ हाताच्या टप्प्यात होती, नुसता हात लांबवला की नगारा बोरकड्याचा. पण केरबानं मान वळवली. पंचक्रोशीतला एकूण एक आवाज त्याच्या गळ्यात होता, पण हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं महिपतीकडे पाहिलं. मग त्यानं कडेला पाहिलं, तर हौसा पदर तोंडाला लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

केरबा खो खो हसला. दम तुटला. बोरकडे हरलं.

 मग बोरकड्याचा पाटील लाल होऊन उठला. “ह्यानं भंडारा मोडला! जाणून हरला ह्यो!”

सगळ्यांनी म्हाकू पुजाऱ्याकडे पाहिलं. म्हातारा काठी टेकत मैदानात आला, केरबाच्या तोंडावरची माती त्यानं उपरण्यानं पुसली आणि म्हणाला, “पाटील, भंडारा हरण्याचा उचलला हुता. हसण्याचा न्हाय.”

 पाटलाला अजून रागवायचं होतं, पण त्याच वेळी त्याला शिंक आली, अगदी केरबा काढायचा तशी, आणि दोन्ही गावं पुन्हा लोळली.

नगारा ओढ्यापलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरकडेकर बघतात तर नगारा परत येतोय! महिपतीनं स्वतःची बैलं जुंपली होती. गाडीत नगारा, नगाऱ्याशेजारी हौसा आणि हौसाच्या मांडीवर पोरगं. महिपती केरबाच्या दारात उतरला आणि म्हणाला, “नगारा येळवडीत आला, माझा शब्द पुरा झाला. आता हिला सोडाय आलोय. मग म्हनलं, वाजवत सोडावी.”

केरबाची आई उंबऱ्यातून धावत आली. तिनं आधी नातू घेतला, मग लेकीला पोटाशी धरलं. केरबा म्हणाला, “दाजी, एकदा हसा की.” आणि महिपती सगळ्यांदेखत हसला. चिक्, चिक्, चिक्.

तेव्हापासून वाद चालू आहे. बोरकडेकर म्हणतात, केरबाला हसू आवरलं नाही. येळवडीकर म्हणतात, त्याचा दम तुटणारा नव्हता, त्यानं तो सोडला. हौसा फार म्हातारी होऊन गेली. तिला लोक विचारायचे, आजी, खरं काय ते सांग. ती म्हणायची, “मला काय ठावं? मी हसत हुते.” केरबा गेला तेव्हा त्याला नेताना कुणीतरी त्याची रेड्याची नक्कल आठवून सांगितली आणि खांदेकऱ्यांना हसू अनावर होऊन तिरडी वाटेत टेकवावी लागली, असं म्हणतात. ती जागा आजही दाखवतात.

आणि आजही या दोन गावांत हसून दम तुटला तर गड्याला बाद धरत नाहीत. बाहेरचे संघ येतात, त्यांचे पंच डोकं खाजवतात, हा कुठला नियम म्हणून विचारतात. त्यांना चहा पाजून सांगतात, हा केरबाचा नियम. नगारा मात्र आता जिंकणारं गाव ठेवून घेत नाही. जत्रेच्या सकाळी तो गाडीवर चढतो, एका गावात दिलेल्या दुसऱ्या गावच्या लेकी त्याच्याभोवती दाटीवाटीनं बसतात आणि गाडी ओढा ओलांडते. गेल्या साली येळवडीहून बोरकड्याला, तर यंदा बोरकड्याहून येळवडीला. पलीकडच्या काठावर सगळ्यांच्या आया उभ्या असतात, पण कुणी नगाऱ्याची टिपरी उचलत नाही. लवट्यांच्या घरातला एक माणूस पुढे येतो, चांगला दांडगा बघून निवडलेला. तो गंभीर चेहरा करतो, घसा खाकरतो आणि बारीक आवाजात हसतो. चिक्, चिक्, चिक्. गाडीतली एक लेक हसते, मग दुसरी, मग सगळ्या, मग काठावरच्या आया. ते हसू पार मैदानापर्यंत पोचलं, की मगच नगाऱ्यावर पहिली टिपरी पडते.