गुलाबीची पाठराखीण

फार मागची गोष्ट, पण तारीख नक्की आहे: बारा नोव्हेंबर, ऊन स्वच्छ, हवा कोरडी. उमाकांतराव रिमोटच्या मोटारींची पारदर्शक कवचं एअरब्रशने आतून रंगवत: आधी मुख्य रंग, मग त्याच्या पाठीमागे दुसऱ्या रंगाचा हात. दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत मोटार लांबून ओळखू यावी, म्हणून त्यांनी झगझगीत गुलाबी रंग निवडला होता. गुलाबीची बाटली फळीवर पांढऱ्या रंगाच्या बाटलीशेजारी तोऱ्यात बसली होती.

"माझ्यामागे ही फिकुटलेली पांढरी कशाला?" ती म्हणाली.

"अगं, तू अंगाने विरळ. मी पाठीशी असले की तुझा उजेड बाहेर पडतो," पांढरी म्हणाली.

"उजेड माझ्या माहेरचा आहे! माझ्यामागे काळाच शोभेल."

असं म्हणून गुलाबीने तिला कोपराने ढकललं. पांढरी घरंगळत कपाटाखाली गेली. उमाकांतरावांनी शोधशोध शोधलं, मग कंटाळून म्हणाले, "जाऊ दे, काळ्यावर भागवू."

शर्यतीत मोटार वांग्यासारखी दिसली. तीन फेऱ्या उमाकांतराव भलत्याच मोटारीकडे बघत रिमोट फिरवत होते. त्यांची मोटार गवतात होती. सोळांत सोळावी आली.

"कपाटाखाली बघा ना जरा," घरी येताच गुलाबी हळूच म्हणाली.

पुढच्या रविवारी नव्या कवचाला गुलाबीचे तीन हात दिले, मागून पांढरीचे दोन. मोटार अकरावी आली.