महाराजांनी पुन्हा सगळ्यांना मारलं!

महाराजांनी पुन्हा सगळ्यांना मारून टाकलं!

ऐन रंगात आलेला खेळ हो! 'जादूचं जंगल' नावाचा मोबाईलवरचा ग्रुप. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं आणि लिहून लिहून गोष्ट पुढे न्यायची. देवळातला तात्या गुरव एरवी मांजरालाही 'अहो' म्हणणारा, तो इथे राक्षस व्हायचा. यल्लाप्पा पैलवान व्हायचा नाजूक राजकन्या, आणि राक्षसाकडे बघून काय लाजायचा म्हणता! अशात तळवणीचे महाराज गजेंद्रराजे ग्रुपमध्ये घुसायचे आणि लिहायचे, 'मी तलवार फिरवली. राक्षस मेला. राजकन्या मधे आली, तीही मेली. जंगल जळालं. मी जिंकलो!'

आता यावर कोण काय लिहिणार, कपाळ?

ग्रुप चालवायची आवडा कासारीण. राजवाड्यात राण्यांना बांगड्या भरायची आणि मनात येईल ते बोलून मोकळी व्हायची. तिने ग्रुपवर नियम टाकला, 'ज्याने त्याने आपल्या सोंगापुरतं लिहावं. वार खुशाल करा. तो लागला की हुकला, हे ज्याच्यावर केला त्याने लिहायचं. मुकुटवाल्यांनीसुद्धा!'

झालं! लगेच दरबारात बोलावणं आलं.

"मला नियम सांगणारी तू कोण गं?" महाराज गरजले.

"ग्रुपची ॲडमिन, महाराज."

"आणि मी राज्याचा राजा! राजा कुणी सांगितलेला नियम पाळत नसतो!"

"वा वा! काय बोललात, महाराज!" प्रधान म्हणाले. प्रधानांचं कामच ते.

महाराजांना आणखी चेव आला. "ऐक! पौर्णिमेपर्यंत मला असा नियम आणून दे, जो मी आनंदाने पाळेन, पण जो मला कुणीही सांगितलेला नसेल! नाही जमलं तर तुझा ग्रुप बंद, आणि राज्यातले सगळे मोबाईल विहिरीत!"

सगळ्यांचे चेहरे पडले. यल्लाप्पा तर हमसून हमसून रडायला लागला. दिवसभर आखाड्यात माती खाणाऱ्या माणसाला संध्याकाळी घटकाभर राजकन्या होता येत होतं, तेवढंच सुख होतं बिचाऱ्याला! आवडाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "रडतोस काय? आजपासून महाराज जे लिहितील ते मान्य. त्यांनी मारलं की मरायचं. आणि मेलेल्याने एक अक्षर लिहायचं नाही!"

संध्याकाळी महाराज आले, सगळ्यांना मारलं आणि लिहिलं, 'मी जिंकलो!'

उत्तर नाही.

'मी सिंहासनावर बसलो!'

सगळ्यांनी वाचलेलं दिसत होतं, पण बोलेना कुणी. महाराजांनी स्वतःच स्वतःला टाळ्या पाठवल्या. त्यातही मजा येईना. दुसऱ्या दिवशी आवडाला पुन्हा बोलावणं.

"अगं, कुणी बोलत का नाही?"

"मेलेत, महाराज."

"मग जिवंत कर त्यांना!"

"मारलं आपण आणि जिवंत मी करू? हे बरंय की!"

महाराजांनी घाईघाईने लिहिलं, 'सगळे जिवंत झाले!' आणि काय गलका उडाला ग्रुपवर! राजकन्या लाजली, राक्षसाने डरकाळी फोडली. महाराजांना असा आनंद झाला, असा आनंद झाला, की त्या आनंदातच त्यांनी पुन्हा सगळ्यांना मारून टाकलं! सवय हो, दुसरं काय? पुन्हा शुकशुकाट. महाराज जेवेनात. आवडती पुरणपोळीसुद्धा तशीच ताटात राहिली. खेळायला कुणी नसलं की राजालाही घर खायला उठतं.

पौर्णिमेच्या सकाळी महाराजांनी भर दरबारात मोबाईल काढला आणि सगळ्यांना पुन्हा जिवंत केलं. समोर उभ्या आवडाने ग्रुपवर हळूच लिहिलं, 'तात्या, होऊ दे!' लगेच राक्षस म्हणाला, 'ए गजेंद्र! हिंमत असेल तर ये पुढे!'

महाराजांचे डोळे चमकले. बोटं शिवशिवली. त्यांनी लिहिलं, 'मी तलवार फिरवली. राक्षस मे...' आणि थांबले. हा मेला तर पुढे कोण बोलणार? त्यांनी शेवटचे शब्द खोडले आणि 'मी तलवार फिरवली' एवढंच पाठवलं.

पडद्यावर दिसलं, 'तात्या गुरव लिहीत आहे...'

महाराज सिंहासनाच्या कडेला आले. "लागला असेल का गं? की हुकला? अरे, किती वेळ लिहितोय हा!"

उत्तर आलं, 'राक्षसाने वार चुकवला आणि राजाच्या मुकुटावर टिचकी मारली!'

महाराज टाळी वाजवून उठले. "टिचकी? मला? थांब लेका, आता दाखवतोच तुला!"

ते पुढचं लिहिणार एवढ्यात प्रधानांना हुशारी सुचली. त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला आणि ग्रुपवर टाकलं, 'महाराजांच्या एकाच वाराने राक्षस ठार! महाराजांचा विजय असो!'

महाराज लालबुंद झाले. "प्रधानजी! माझ्या राक्षसाला मारणारे तुम्ही कोण? सगळा विचका केलात! अहो, तो मेला की नाही हे त्याला ठरवू द्या! ज्याने त्याने आपल्या सोंगापुरतं लिहायचं. वार लागला की हुकला, हे ज्याच्यावर केला तोच सांगेल! हा माझा नियम आहे. जो मोडेल त्याचा मोबाईल विहिरीत!"

आवडाने वाकून मुजरा केला. "मग महाराज, आपला हुकूम पुरा झाला."

"कुठला हुकूम?"

"आपण आनंदाने पाळाल, पण आपल्याला कुणी सांगितलेला नसेल, असा नियम मागितला होतात. आत्ता तर आपणच तो प्रधानजींना सांगितलात!"

महाराज असे हसले, असे हसले, की मुकुट घरंगळत पायरीवर गेला! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी आवडाला दिलं.

"आणखी माग! काय हवं ते माग!"

"नंतर मागते, महाराज. आधी प्रधानजींना त्यांचं लिहिलेलं खोडायला लावा. यल्लाप्पाने राक्षसाच्या मढ्याशेजारी सती जायची तयारी चालवलीय!"