हलगीवाल्याची सही

एका गावात एक नगरपालिका होती आणि एका वर्षी तिला कलेचा भारी पुळका आला. निमित्त वरून आलेल्या पत्राचं होतं. गावाने कला आणि संस्कृतीचा आराखडा करावा, तो गावातल्या कलामंडळांशी बसून, बोलून करावा, आणि खाली प्रत्येक मंडळाची सही असावी, असं त्यात लिहिलं होतं. आराखडा पसंत पडला तर गावाला सभागृह मिळणार होतं.

नगराध्यक्ष हेमलताबाई गुळवे यांनी निवडणुकीत सभागृहाचंच वचन दिलं होतं. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण घाईच्या होत्या. पालिकेचे मोठे कारकून बोंद्रे त्यांच्याहून घाईचे. त्यांनी दुसऱ्या एका शहराचा आराखडा समोर ठेवला आणि तीन दिवसांत आपल्या गावाच्या नावाने उतरवून काढला.

मग मंडळांना पालिकेत बोलावणं गेलं. भजनी मंडळाने अभंग म्हटला, लेझीम पथक खेळलं, रांगोळीवाल्या बायांनी रांगोळी घातली, हलगीवाले जोतिराम सकटे आणि त्यांच्या सोबत्यांनी आवारात हलगी वाजवली. चहा झाला. बोंद्रे एक कागद घेऊन फिरले. "हजेरी आहे, सही करा," म्हणाले. सगळ्यांनी केली. तो कागद आराखड्याचं शेवटचं पान होतं. हेमलताबाईंना हे ठाऊक होतं, आणि त्या गप्प बसल्या.

आठ दिवसांनी आराखडा स्वीकारायला जिल्ह्याचे साहेब आले. मंगल कार्यालय गच्च भरलं. स्वागताला हलगी ठेवली होती. हलगी शेकल्याशिवाय कडक वाजत नाही, म्हणून जोतिराम मागच्या अंगणात गेले आणि त्यांनी उसाचं मूठभर पाचट पेटवलं. तोच बोंद्रे धावत आले आणि त्यांनी बुटाने जाळ विझवला.

"तात्या, आता हे बंद. उघड्यावर वाजवायचं नाही, जाळ करायचा नाही. जे काय ते सभागृहात. आराखड्यात नियम आहे."

"कुणी केला नियम?"

"कुणी म्हणजे? खाली तुमचीच सही आहे की!"

गार हलगी गळ्यात अडकवून जोतिराम मागच्या दाराने सरळ व्यासपीठावर चढले. तेव्हा हेमलताबाई साहेबांच्या हातात आराखडा देत होत्या.

"बाईसाहेब," जोतिराम म्हणाले, "माझी सही कशावर घेतली?"

दुसऱ्या रांगेत बाईंचे विरोधक बसले होते आणि ते आता पुढे सरकून बसले. वेळ मारून न्यावी म्हणून बाई हसल्या. "तात्या, आधी वाजवा तर खरं. मग बोलू."

जोतिरामांनी वाजवली. ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा आवाज आला. कोणीतरी फिदीफिदी हसलं. जोतिरामांचे कान लाल झाले, पण ते जागचे हलले नाहीत.

"शेक न्हाई मिळाला की ही अशीच वाजती. तुमच्या कागदात शेकायला बंदी, उघड्यावर वाजवायला बंदी. म्हंजे हलगीलाच बंदी की! आन् खाली सही माझी. नातवंडांनी इचारलं तर काय सांगू? आज्यानंच बंद पाडली म्हणू?"

साहेबांनी शेवटचं पान उघडलं. "बाई, हा आराखडा या लोकांना विचारून केलाय ना?"

बोंद्रे बाईंच्या कानाशी लागले. "हो म्हणा. सही ती सहीच. नाही म्हणालात तर सभागृह गेलं, आणि पुढची निवडणूकही."

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. हेमलताबाईंनी ओठ उघडलेही. समोर जोतिराम डोळ्याला डोळा भिडवून उभे होते. बाईंनी साहेबांच्या हातून आराखडा परत घेतला.

"नाही, साहेब. आम्ही यांना वाजवायला बोलावलं होतं, विचारायला नाही. या सह्या हजेरी म्हणून घेतल्या. हे मला माहीत होतं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग यंदा तुमच्या गावाचं नाव यादीत नाही."

"नसू दे," बाई म्हणाल्या. विरोधकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या. साहेबांची गाडी निघून गेल्याचा आवाज आत सगळ्यांना ऐकू आला.

बाईंनी शेवटचं पान जोतिरामांपुढे धरलं आणि आपलं पेन दिलं. जोतिरामांनी बोटाने आपलं नाव शोधलं आणि त्यावर आडवी रेघ ओढली. भजनी मंडळाचे बुवा उठून आले, त्यांनीही ओढली. मग लेझीमवाले आले, मग रांगोळीवाल्या बाया. बाई भर सभेत तो कागद दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. एकेक रेघ ओढली जाताना त्यांना शरमेने मान वर करवत नव्हती. पण कागद त्यांनी खाली घेतला नाही.

सगळी नावं खोडून झाली. जोतिरामांनी पेन बाईंना परत दिलं, गळ्यातली हलगी काढून बाजूला ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून ते बसले.

"हं, बाईसाहेब," ते म्हणाले. "आता इचारा."

तात्पर्य: आधी ठरवून मग घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. ज्यांच्या कलेचं ठरवायचं, त्यांना आधी विचारावं. आणि ते चुकलं असेल, तर पदरचं नुकसान सोसून चारचौघांत कबूल करावं.